एकच फाटक: उपनगरातल्या एका डॉग पार्कचं प्रकरण

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातलं हे प्रकरण आहे. माणसांची आणि कुत्र्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनाक्रम तसाच ठेवला आहे. कुत्र्यांच्या वर्तनावर काम करत असल्यामुळे पार्कात दोन कुत्र्यांचं भांडण झाल्यानंतर मला बोलावलं गेलं आणि पुढचे काही महिने मी या सगळ्यात होते. अशी भांडणं ठिकठिकाणी होतात. बहुतेक वेळा एक कुत्रा पार्कात यायचा बंद होतो आणि विषय तिथेच संपतो. इथे तो संपला नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

पार्श्वभूमी

चिंगी ही साडेतीन वर्षांची देशी कुत्री. वजन १८ किलो, नसबंदी झालेली, लसी वेळच्या वेळी. पार्किंगमध्ये सापडलेल्या पिल्लांतली ही एक, सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. डॉग पार्कात माणसांना कुत्र्यांच्या नावानेच ओळखतात, 'ब्रूनोचे बाबा', 'कोकोची मम्मी' असं. तीच पद्धत मी इथे ठेवते. चिंगीच्या आई आयटीत नोकरी करतात, घरी त्या आणि त्यांच्या सासूबाई.

या भागात कुत्र्याला मोकळं सोडायला जागा नाही. फुटपाथ जिथे आहे तिथे त्यावर दुचाक्या उभ्या असतात. पाण्याचे टँकर दिवसभर ये-जा करतात. दर दोनशे पावलांवर भटक्या कुत्र्यांचा एक नवा इलाका सुरू होतो. सार्वजनिक उद्यानांच्या दारावर 'कुत्र्यांना प्रवेश नाही' अशी पाटी असते. त्यामुळे बिल्डरने फ्लॅट विकताना 'डॉग पार्क देणार' असं सांगितलं, तेव्हा चिंगीच्या आईंनी ते फार मनावर घेतलं होतं. घर तिथेच घेण्यामागे ते एक कारण होतं.

पार्क झालाही. सुमारे सात गुंठे जागा, चार फुटी जाळी, आत रंगीत बोगदे, उडी मारायची चक्रं, एक सी-सॉ आणि सगळीकडे प्लास्टिकचं गवत. नळ एक. झाड एकही नाही. देखभाल सहा सोसायट्यांच्या महासंघाकडे. तुलनेसाठी सांगते, हैदराबादला कोंडापूरमध्ये २०१८ साली तिथल्या महापालिकेने कुत्र्यांसाठी पार्क केला, तो १.३ एकराचा आहे, म्हणजे बावन्न गुंठे. सात गुंठ्यांत सुट्टीच्या संध्याकाळी पंधरा-सोळा कुत्री असायची. कुत्र्याला दुसरा नकोसा झाला की तो पहिल्यांदा लांब जायला बघतो. इथे लांब जायला जागाच नव्हती.

त्रास कशाकशाचा होता

चिंगीच्या आईंची पहिली यादी लांब होती. लोक शी उचलत नाहीत. दिवे रात्री कधीही जातात. मे महिन्यात प्लास्टिकचं गवत इतकं तापतं की पाऊल ठेवत नाही, पावसाळ्यात खालचं पाणी निचरत नाही आणि लेप्टोची, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती वाटते. गोचिड्या जाळीच्या खांबांच्या फटींतून निघतात. चिंगीला आदल्या वर्षी गोचीडताप येऊन गेला होता, प्लेटलेट्स उतरल्या होत्या, महिनाभर डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चाललं होतं. तो पार्कातूनच आला असं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण शंका घ्यायला जागा होती.

शिवाय लोक लस पूर्ण न झालेली पिल्लं आणायचे. पिल्लाच्या लसींचे डोस चौथ्या महिन्यापर्यंत चालतात. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने तो मरत नाही, ब्लीचचं पाणी लागतं. पार्कात रोज फिनाइल मारलं जायचं आणि सगळ्यांना समाधान वाटायचं.

या सगळ्या तक्रारी रास्त होत्या. तरी मी तीन संध्याकाळी बाकावर बसून नुसतं बघितलं, तेव्हा माझं लक्ष सारखं फाटकाकडे जात होतं.

फाटक एकच होतं, रस्त्यावरून थेट आत उघडणारं. नवीन कुत्रा आला की आतली सगळी कुत्री तिकडे धावायची. मालक फाटक ढकलून आत शिरणार, कुत्रा अजून लीशला बांधलेला, समोर आठ-दहा नाकं. बांधलेल्या कुत्र्याला वळता येत नाही, पळता येत नाही, आणि मालक घाबरून लीश ताणतो, म्हणजे कुत्र्याची मान आणखी वर आणि छाती पुढे येते. समोरच्या कुत्र्यांना ती भांडणाची उभी राहण्याची पद्धत दिसते. त्याच वेळी कुणीतरी बाहेर निघालेलं असतं. गर्दीच्या वेळी लोकलच्या दारात उतरणारे आणि चढणारे एकमेकांवर येतात तसं रोज संध्याकाळी सातला तिथे व्हायचं. मी बघितलेल्या गुरगुरण्यांपैकी बहुतेक त्या फाटकाच्या दहा फुटांतच झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसं. एकदा लीश काढली की माणसं फोन काढायची. डॉग वॉकर म्हणून काम करणारा एक मुलगा पाच-पाच कुत्री घेऊन यायचा. कष्टाळू पोरगा, पण पाच कुत्र्यांकडे एकट्याने लक्ष ठेवणं कुणालाही शक्य नाही. आणि एक वाक्य दर दहा मिनिटांनी ऐकू यायचं: "घाबरू नका, तो काही करत नाही."

त्या संध्याकाळी काय झालं

ब्रूनो हा अकरा महिन्यांचा लॅब्रॅडॉर, ३२ किलो, नसबंदी न झालेला. स्वभावाने अगदी गोड. पण या वयातल्या कुत्र्याला 'पुरे आता' ही समोरच्याची खूण नीट वाचता येत नाही. तो महिनाभर चिंगीच्या मागे लागत होता. अंगावर चढायचा, मानेवर पंजा टाकायचा. चिंगी तोंड फिरवायची, ओठ चाटायची, बाकाखाली जाऊन बसायची. आईंना हे दिसत होतं. त्यांनी दोनदा सांगूनही बघितलं. ब्रूनोचे बाबा म्हणाले, "खेळू द्या हो, खेळतायत ते."

त्या संध्याकाळी कुणीतरी चेंडू आणला होता. चेंडू फाटकाजवळ पडला, चिंगीने उचलला, ब्रूनो मागून तिच्या अंगावर चढला, आणि चिंगीने वळून चावा घेतला. ब्रूनोचा कान फाटला. कानाला रक्त फार येतं, त्यामुळे एकदम आरडाओरडा झाला. ब्रूनोने उलटून तिची मान धरली, तिसरा कुत्रा धावत आला, आणि ब्रूनोच्या बाबांनी दोन्ही कुत्र्यांच्या तोंडांमध्ये हात घालून पट्टा ओढायला बघितला. त्यांच्या तळव्याला खोल चावा बसला. कोणाचा दात लागला, हे आजवर कळलेलं नाही.

हात नळाखाली साबणाने धुवायला हवा होता, पंधरा मिनिटं. नळ होता, साबण नव्हता. समोरच्या दुकानातून साबणाची वडी आणली गेली. रात्रीच दवाखान्यात जाऊन त्यांनी रेबीजच्या लसीचा कोर्स सुरू केला.

चिंगीच्या मानेवर चार बारीक भोकं दिसत होती. रक्त थांबलं होतं, म्हणून त्या रात्री हळद लावून झोपवलं. दातांच्या जखमा फसव्या असतात. वरून भोक लहान दिसतं, आत कातडी स्नायूपासून सुटलेली असते आणि तिथे पू साठतो. तिसऱ्या दिवशी मान सुजली, ताप आला, डॉक्टरांना केस काढून जखम उघडावी लागली आणि पू वाहून जायला ड्रेन, म्हणजे बारीक नळी, घालावा लागला.

आणखी एक जखम नंतर दिसली. पट्टा घालून खाली नेलं की चिंगी समोरच्या कुत्र्यावर भुंकून तुटून पडू लागली, रस्त्याच्या पलीकडे असला तरी.

समोर असलेले पर्याय

इथून पुढचे पंधरा दिवस सगळ्यांत नाजूक होते.

ब्रूनोचे बाबा पोलिसांत जायचं म्हणत होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये म्हणून काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. चिंगीच्या आई या वाक्यानेच खचल्या. दुसरीकडे त्यांनाही वाटत होतं की महिनाभर आपण सांगत होतो, मग दोषी आपण कशा? त्यांनी महासंघाच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला एक लांबलचक मेसेज टाकला, त्यात ब्रूनोच्या घराचा उल्लेख केला. सकाळपर्यंत ग्रुपचे दोन तट पडले होते. कुत्रा न पाळणाऱ्यांचा तिसरा तट झाला: पार्कच बंद करा आणि ज्येष्ठांसाठी चालायचा ट्रॅक करा.

महासंघाच्या सचिवांनी मधला मार्ग म्हणून सुचवलं की मोठ्या आणि 'धोकादायक' जातींना बंदी घालू. मार्च २०२४ मध्ये केंद्राने तेवीस जातींवर बंदी आणण्याचं पत्रक काढलं होतं, त्याचा आधार त्यांनी दिला. ते पत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केलं, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी या पार्काला तो उपाय लागू पडत नव्हता. भांडले कोण, तर एक देशी आणि एक लॅब्रॅडॉर. त्या पार्कातला सगळ्यांत समजूतदार कुत्रा सात वर्षांचा रॉटवायलर होता आणि बंदी पहिली त्याच्यावर आली असती. मी या सूचनेला सुरुवातीपासून विरोध केला, आजही करेन.

चिंगीपुरते पर्याय वेगळे होते. पार्क सोडून द्यायचा. किंवा आडवेळी, दुपारी दोनला जायचं, पण तेव्हा गवत तापलेलं. मुळशीच्या बाजूला तासाच्या हिशोबाने कुंपणाची जागा भाड्याने मिळते, पण रोज तिथे कोण जाणार? टेकडी होती. पुण्यात कुत्रा पाळणाऱ्याला टेकडी सुचतेच, पण तिथे कुत्रं मोकळं सोडायला माझा ठाम नकार असतो. मोर, घोरपडी, जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटव्या तिथे राहतात. टेकडी त्यांचं घर आहे. कुत्रा तिथे लांब दोरीला बांधूनच न्यायचा.

काय केलं

जखम भरेपर्यंत काहीच नाही. त्यानंतर चिंगीचा पार्क दोन महिने बंद. सासूबाईंना हे पटेना, "तिला बिचारीला कोंडून ठेवता" म्हणायच्या. इथे मला एक गोष्ट समजावून सांगावी लागली, आणि ती मी जवळजवळ प्रत्येक घरात सांगते. कुत्र्याला रोज पंधरा अनोळखी कुत्रे भेटायलाच हवेत असं नाही. मोठ्या वयातल्या पुष्कळ कुत्र्यांना ते नकोच असतं. त्याला लागतं ते हुंगणं, आपल्या चालीने चालणं, आणि ओळखीचे दोन-तीन सोबती. चिंगी पार्कात कित्येक महिने खेळत नव्हती. ती तिथे निभावून नेत होती.

मग हार्नेस आणि दहा मीटरची दोरी घेऊन आठवड्यातून तीनदा टेकडी. उरलेले दिवस खालच्या गल्लीत, जिथे समोरचा कुत्रा पन्नास-साठ फुटांवर दिसेल. कुत्रा दिसला आणि चिंगीने अजून आवाज काढलेला नाही, त्या क्षणी उकडलेल्या चिकनचा तुकडा. भुंकली तर ओरडायचं नाही, मागे फिरायचं. अंतर आठवड्या-आठवड्याने कमी केलं. मग रॉटवायलरच्या काकांना विनंती केली. ते रोज त्यांच्या कुत्र्याला घेऊन रस्त्याच्या एका कडेने चालायचे, चिंगी दुसऱ्या कडेने, समांतर. त्या माणसाचे उपकार मोठे आहेत.

महासंघाचं काम अवघड होतं. चिंगीच्या आईंनी आधी ग्रुपवरचा मेसेज काढला आणि ब्रूनोच्या घरी जाऊन त्यांच्या हाताची चौकशी केली. ब्रूनोच्या आई दारातच म्हणाल्या, "तुमची कुत्री आधी चावली." त्यावर चिंगीच्या आई म्हणाल्या, "हो, आधी तीच चावली. पण महिनाभर ती सांगत होती." दोन तास बसल्या. पोलिसांत जायचा विषय तिथे मिटला. दोन्ही घरांनी आपापल्या कुत्र्याचा खर्च केला आणि हाताच्या उपचाराचा निम्मा खर्च चिंगीच्या आईंनी दिला. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण नंतर महासंघासमोर ही दोन कुटुंबं एकत्र उभी राहिली. तक्रारदार एकटी असती तर पार्कच्या जागी ट्रॅकच झाला असता.

बैठकीत मागण्या तीनच ठेवल्या. फाटकाला आतून सहा बाय सहा फुटांचा पिंजरा आणि दुसरं फाटक, म्हणजे कुत्रा आधी पिंजऱ्यात येईल, तिथे लीश निघेल, आतली गर्दी पांगली की दुसरं दार उघडेल. दुसरी मागणी वेळांची: सकाळी लहान आणि बुजऱ्या कुत्र्यांसाठी एक तास राखीव. तिसरी, संध्याकाळी चेंडू आणि खाऊ आत आणायचा नाही.

"आम्ही मेंटेनन्स भरतो, आम्हाला वेळ सांगणारे तुम्ही कोण?" हे आलंच. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना तिथे उपयोगी पडल्या. बागेत कुत्र्यांना सरसकट बंदी घालणं त्या सूचनांना मान्य नाही, वेळा ठरवणं मात्र मान्य आहे. ट्रॅकवाल्यांना पहिला मुद्दा लागू पडला आणि मेंटेनन्सवाल्यांना दुसरा.

पैशांवरून गाडी अडली. रंगीत बोगद्यांच्या दुरुस्तीसाठी रक्कम मंजूर होती, फाटकासाठी नव्हती. चिंगीच्या आई आणि ब्रूनोचे बाबा मिळून जवळच्या फॅब्रिकेटरकडे गेले. त्याने उरलेल्या अँगलमधून आणि जुन्या जाळीतून पिंजरा करून दिला. खर्च बोगद्यांच्या मंजूर रकमेपेक्षा कितीतरी कमी आला आणि तो त्याच रकमेतून वळवला.

निष्पत्ती

दुसरं फाटक लागल्यावर फाटकाजवळची गुरगुर लगेच कमी झाली. चेंडूचा नियमही टिकला, कारण तो मोडला की सगळ्यांना दिसतो. सकाळचा राखीव तास चांगला चालतो, कारण त्या वेळी येणारे लोक एकमेकांना ओळखतात.

संध्याकाळ सुधारली नाही. गर्दी तेवढीच आहे. लसीच्या कार्डाचा फोटो ग्रुपवर टाकायचं ठरलं होतं, निम्म्या लोकांनी टाकला आणि विचारणारं कुणी नसल्याने पुढे ते राहिलं. डॉग वॉकरला एका वेळी दोनच कुत्री आणायला सांगितलं, पण त्याचं पोट त्यावर आहे आणि कुत्र्यांचे मालक जादा पैसे द्यायला तयार नाहीत, त्यामुळे तो पाच घेऊन येतो. इंग्रजी नियमफलकाच्या जागी मराठी-हिंदी फलक लागला, हे मात्र चांगलं झालं. सफाई करणाऱ्या मावशींना आणि वॉकरला आता तो वाचता येतो. नळाजवळ साबण आहे.

चिंगी आता रस्त्यावर दहा-बारा फुटांवरून दुसऱ्या कुत्र्याला जाऊ देते. पार्कात ती सकाळच्या तासाला आठवड्यातून दोनदा जाते, तीन ठरलेल्या सोबत्यांबरोबर. संध्याकाळी कधीच नाही, आणि आता तसा आग्रहही कुणी धरत नाही. ब्रूनो दीड वर्षाचा झाला, बराच निवला. त्याचे बाबा आता फोन खिशात ठेवतात आणि तो कुणाच्या अंगावर चढला की उठून बाजूला घेतात. चिंगी आणि ब्रूनोला पुन्हा एकत्र सोडायचं का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हणाले. दोन्ही कुत्र्यांना त्याची गरज नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत महत्त्वाचा क्षण भांडणाचा नव्हता. चिंगी पहिल्यांदा बाकाखाली जाऊन बसली, तो होता. तेव्हा तिला लीश लावून घरी नेलं असतं, आणि तीन दिवस लागोपाठ असंच झाल्यावर संध्याकाळची वेळ सोडली असती, तर बहुधा पुढचं काही घडलं नसतं. चिंगीच्या आईंनी ते केलं नाही, कारण पार्क हा त्यांना हक्काचा वाटत होता आणि आपण का जायचं असा प्रश्न होता. तो प्रश्न न्यायाचा आहे, मला मान्य आहे. पण आपली न्यायाची बाजू कुत्र्याच्या मानेवर लढवायची नसते.

भांडण सोडवताना तोंडाजवळ हात घालायचा नाही. दोघांनी एकाच वेळी दोन कुत्र्यांचे मागचे पाय धरून मागे ओढायचे, किंवा मध्ये एखादी पाटी, छत्री, पाण्याची बादली. त्या पार्कात पंधरा माणसं होती आणि हे एकालाही माहीत नव्हतं. महासंघाने वर्षातून एक रविवार यासाठी दिला तर ते बोगद्यांपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. आणि चाव्याचं भोक कितीही बारीक असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. चिंगीचा ड्रेन टळला असता.

महासंघाबाबतही माझं मत ठाम आहे. पार्कला कुणीतरी जबाबदार माणूस हवा होता, पहिल्या दिवसापासून. पगारी नको, आठवड्याने बदलणारा चालेल, पण ज्याच्याकडे 'आज हे पिल्लू आत नको' म्हणायचा अधिकार आहे असा. तो आजही नाही. लसीची कार्डं त्यामुळे राहिली आणि संध्याकाळही त्यामुळेच सुधारली नाही. पुढच्या बैठकीत ही मागणी ठेवायची, असं चिंगीच्या आई आणि ब्रूनोचे बाबा दोघांनी ठरवलं आहे. सोबत कडुनिंबाच्या चार रोपांची मागणीही आहे. प्लास्टिकच्या गवताखाली काँक्रीट आहे की माती, हे मात्र आधी खणून बघावं लागेल.